खांबटेकडीचे बांधकाम

मोतीबिंदूचे ऑपरेशन करून खुशालराव गुरुजी आठव्या दिवशी अमरावतीहून परत आले आणि उमरदरीच्या फाट्यावर एसटीतून उतरले, तेव्हा समोरची खांबटेकडी त्यांना पांढरी दिसली. गुरुजी जागच्या जागी थांबले. टेकडी पांढरी असणे शक्य नव्हते. ती काळी होती. गुरुजींनी ती साठ वर्षे पाहिली होती, आणि त्यातली तेहेतीस वर्षे शाळेतल्या मुलांना नेऊन दाखवली होती.

निघताना डॉक्टरांनी बजावले होते, की नवीन भिंगामुळे काही दिवस रंग जास्त उजळ दिसतील, घाबरू नका. गुरुजी घाबरणाऱ्यांतले नव्हते. त्यांनी काळा चष्मा काढला, डोळे मिटले, मनात वीसपर्यंत आकडे म्हटले आणि डोळे उघडले. टेकडी अजून पांढरीच होती. आता तर तिच्या पायथ्याशी एक लाल पट्टाही दिसत होता.

गुरुजींनी अमरावतीला मुलीला फोन लावला.

"पौर्णिमा, डॉक्टरले विचार बरं, पांढरं दिसते म्हणजे किती पांढरं दिसते?"

"म्हणजे कसं, बाबा?"

"काळ्या दगडाचं पांढरं दिसू शकते काय?"

"तुमी डोळ्यात थेंब टाकले का नाई? एसटीत धूळ गेली असन."

"धूळ नाई. लाल पट्टा दिसून राहिला. एकदम सरळ, पट्टीनं आखल्यावानी."

मग पौर्णिमा सावकाश म्हणाली, "बाबा, तुमी आधी सावलीत बसा. मी दवाखान्यात विचारून सांगते. डोक्यावर रुमाल टाका."

गुरुजी सावलीत बसले नाहीत. ते टेकडीच्या दिशेने चालू लागले. ओढा ओलांडल्यावर त्यांना टेकडीच्या पहिल्या दगडी खांबावर 'एक' हा आकडा दिसला. मग दोन, मग तीन. शंभर पावलांवरून त्यांनी सत्तावीसपर्यंतचे आकडे वाचले. याचा अर्थ ऑपरेशन फार चांगले झाले होते. तेवढ्यात फोन वाजला.

"बाबा, डॉक्टर म्हणतात, उद्याच्या उद्या परत या."

"त्यायले सांग, डोळा उत्तम आहे," गुरुजी म्हणाले. "बाकीचं बिघडलं."

उमरदरी हे बार्शीटाकळी तालुक्यातले, डोंगराच्या कुशीतले लहानसे गाव. या गावात पाहण्यासारखे एकच होते, ते म्हणजे खांबटेकडी. टेकडीच्या एका अंगाला दगडाचे उभे खांब होते, एकमेकांना चिकटून, पाच-सहा बाजूंचे, कुणी घासून गुळगुळीत करून ओळीने रचून ठेवावेत तसे. गावातली जुनी माणसे म्हणत, की राक्षसांनी मांडव घालायला घेतला होता, तो अर्धवट राहिला. गुरुजी मुलांना खरी हकीकत सांगत. त्यासाठी ते मुलांना आधी टेकडीवर नेत नसत. आधी उन्हाळ्यातल्या कापसाच्या वावरात नेत आणि खाली बसून जमीन पाहायला लावत. काळी माती वाळते, वाळली की आकसते, आकसली की तिला भेगा पडतात, आणि त्या भेगांमधून मातीचे पाच-सहा कोनांचे तुकडे दिसू लागतात. एवढे बघून झाले की मग टेकडी. फार पूर्वी इथे जमिनीतून लाव्हारस बाहेर आला. तो थंड होताना असाच आकसला, भेगा वरून खालपर्यंत गेल्या आणि हे खांब तयार झाले. कुणी बांधले नाहीत. या गोष्टीला साडेसहा कोटी वर्षे झाली. गुरुजी हे सांगत तेव्हा मुले गप्प होत, आणि परत येताना वाटेत दगड उचलून त्याच्याकडे जरा वेगळ्या नजरेने पाहत. गुरुजींना तेवढे पुरे असे.

टेकडीच्या मागच्या अंगाला भगवंतरावांचे खडी क्रशर होते. तिकडचा दगड संपत आल्यामुळे त्यांनी या बाजूला नवीन खाण मिळावी म्हणून अर्ज केला होता. तो मंजूर झाला असता तर सुरुंगांनी खांब ढासळले असते आणि त्यांचीही खडी झाली असती. म्हणून गुरुजींनी तीन वर्षे पत्रे लिहिली होती, की खांबटेकडीचे नाव नैसर्गिक वारसा स्थळांच्या यादीत घ्यावे. यादीत नाव आले की तिथे सुरुंग लावता येत नाही. अखेर जिल्ह्याहून उत्तर आले. भूगर्भतज्ज्ञ मॅडम स्वतः येऊन स्थळाची पाहणी करणार होत्या. पत्र ग्रामपंचायतीत आले तेव्हा गुरुजी डोळ्यावर पट्टी बांधून अमरावतीला पडून होते.

सरपंच दुर्गाबाई टेकडीच्या पायथ्याशीच सापडल्या. पदर खोचलेला, हातावर कोपरापर्यंत चुना.

"आले का, गुरुजी? कसा झाला डोळा?"

"डोळा चांगला झाला. दुर्गाबाई, टेकडीले काय केलं?"

"दिसलं ना तुमाले?" दुर्गाबाईंचा चेहरा उजळला. "मी किशोरले म्हणलं, असा हात मार का गुरुजीले फाट्यावरून दिसलं पाह्यजे. पाच दिवस अख्खा बचत गट वर होता, गुरुजी. घरी सैपाक नाई, काई नाई."

"पण काहून?"

"काहून म्हणजे? उद्या पाहणी आहे. पाहणी असली का चुना माराच लागते. मागल्या साली स्वच्छतेच्या पाहणीत आपला दुसरा नंबर आला, काहून आला? त्या साहेबानं वहीत लिहिलं, परिसर निस्तेज. मी डोळ्यानं वाचलं. आता सांगा, तुमच्या टेकडीपेक्षा निस्तेज गावात दुसरं काय आहे?"

विद्यार्थ्याचे उत्तर चुकले तरी रीत बरोबर असेल, तर थोडे गुण द्यावे लागतात. दुर्गाबाईंची रीत बरोबर होती. आजवर उमरदरीत जेवढ्या पाहण्या झाल्या, त्या सगळ्या चुना आणि गेरू पाहून समाधानाने परत गेल्या होत्या. गुरुजींनी खिशातून पत्राची प्रत काढली. ही प्रत पौर्णिमाच्या पत्त्यावर आली होती.

"चौथी ओळ वाचा."

दुर्गाबाईंनी वाचली. "स्थळ मूळ नैसर्गिक स्थितीत असणे आवश्यक आहे." मग त्यांनी ती परत एकदा, मनातल्या मनात वाचली.

"मी तारीख पाह्यली अन् कामाले लागली," त्या हळू म्हणाल्या.

एवढ्यात शिडीवरून किशोर पेंटर उतरला. गावातल्या सगळ्या भिंती, कमानी आणि ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या त्याच्याच हाताखालून गेल्या होत्या. त्याने गुरुजींच्या पायांना हात लावला आणि त्यांच्या धोतरावर पांढरी बोटे उमटली.

"एकशे सोळा निघाले, गुरुजी. सगळ्याले नंबर टाकले."

"एकशे बारा आहेत," गुरुजी म्हणाले. कितीही दुःख झाले तरी आकडा चुकीचा ऐकून घेणे त्यांना जमत नसे.

"मी चार तुटकेबी धरले. ते काहून सोडाचे? अन् नंबर ऑइल पेंटचे आहेत बरं. पाच वर्ष हालत नाईत."

किशोरने नुसते आकडे टाकले नव्हते. जिथे खांब रुंद होता तिथे त्याने गावाच्या भल्याचा मजकूर लिहिला होता. चाळीस नंबरवर 'मुलगी शिकवा', त्रेपन्नवर 'पाणी जपून वापरा', सगळ्यांत उंच खांबावर वरून खाली 'सुस्वागतम्'. एका तुटक्या खांबावर 'इथे थुंकू नये' असे होते.

"इथं कोण थुंकते?" गुरुजींनी विचारले.

"आता कोणी थुंकणार नाई," किशोर म्हणाला.

पाहणी दुसऱ्या दिवशी अकरा वाजता होती. दुर्गाबाई चुकीला चूक म्हणायला वेळ लावणाऱ्यांतल्या नव्हत्या. त्यांनी ग्रामपंचायतीच्या भोंग्यावरून आवाज दिला, की ज्यांनी ज्यांनी टेकडी पांढरी केली त्यांनी ती काळी करायला ताबडतोब यावे, येताना घरचा फवारणीचा पंप आणावा. कापसाच्या गावात पंपाला काय तोटा. अर्ध्या तासात बावीस पंप जमले. गुरुजींनी आधी सगळे पंप तीन-तीन पाण्यांनी धुवून घेतले, कारण त्यांत कालपरवापर्यंत औषध होते. मुलांना त्यांनी लांब उभे केले. डोळ्यांमुळे त्यांना स्वतःला वाकायला, पाण्याजवळ जायला बंदी होती, म्हणून ते निंबाखाली खुर्ची टाकून बसले.

पंप सुरू झाले. वरचा चुना ओघळला आणि खालच्या गेरूच्या पट्ट्यात आला. खालचा गेरू सुटला आणि चुन्यात मिसळला. बायकांनी जोर लावला. पाणी वरून मारून पाहिले, खालून मारून पाहिले, आडवे मारून पाहिले. चुन्यात किशोरने डिंक घातला होता, त्यामुळे तो जात नव्हता, फक्त जागा बदलत होता. चार वाजता पंप थांबले. खांबटेकडी नखशिखांत गुलाबी झाली होती. नंबर मात्र धुऊन निघाल्यामुळे जास्तच स्पष्ट दिसत होते.

बायकांनी पाठीवरचे पंप खाली ठेवले.

"शहरात असा कलर बंगल्याले मारतात," किशोर म्हणाला. "कॅटलॉगमधी आहे."

"तू चूप राह्य," दुर्गाबाई म्हणाल्या. त्या गुरुजींच्या खुर्चीजवळ आल्या. "गुरुजी, काळंच पाह्यजे ना? मंग काळा मारू. शाळेच्या फळ्याचा रंग आहे दोन डबे. सकाळपर्यंत होऊन जाईन."

"नाही."

"रंग तं तोच ना, जो होता?"

"दुर्गाबाई, तो रंग दगडाचा होता. हा डब्यातला राहील. मॅडमनं विचारलं, हा दगड असाच आहे काय, तर मी काय सांगू?"

"हाव म्हणा. कोणाले समजते?"

"मले समजते ना."

दुर्गाबाईंनी यावर वाद घातला नाही. गुरुजींशी वाद घालता येतो, पण या एका ठिकाणी येत नाही, हे गावाला माहीत होते. सातवीतली प्रियदर्शनी जवळच उभी होती. ती म्हणाली, "गुरुजी, मॅडमले आपण खरंच सांगू. मी सांगू का? मले सगळं पाठ आहे."

"पाठ असून चालत नाही, बाई," गुरुजी म्हणाले. "समजलं असलं पाहिजे. उद्या मीच सांगतो."

दुसऱ्या दिवशी अकराला जीप आली. दीपमाला मॅडम उतरल्या. चाळिशीच्या, पायात बूट, गळ्यात दुर्बीण, खांद्याला कापडी पिशवी. त्यांच्या मागोमाग भगवंतरावांची पांढरी गाडी येऊन थांबली. भगवंतराव याच गावचे. ते उतरले, त्यांनी टेकडीकडे पाहिले आणि त्यांच्या चेहऱ्यावर अशी शांतता पसरली, जशी बऱ्याच वर्षांनी देवाला जाऊन आलेल्या माणसाच्या चेहऱ्यावर दिसते.

दीपमाला मॅडम टेकडीला वळसा घालून आल्या. त्यांनी एका खांबाला हात लावला. हात गुलाबी झाला. त्यांनी 'मुलगी शिकवा' वाचले, 'पाणी जपून वापरा' वाचले. तुटक्या खांबापाशी त्या जरा जास्त वेळ थांबल्या.

"हे कोणी केलं?"

"मॅडम, रंग गावाने दिला," गुरुजी पुढे होऊन म्हणाले. "स्वागत म्हणून दिला. चूक झाली. खांब मात्र कुणी केलेले नाहीत. आतला दगड तुम्ही पाहा."

"आता पाहाचं काय राह्यलं, मॅडम?" भगवंतराव म्हणाले. "हे सिमेंटचे पोल आहेत. ग्रामपंचायतीनं उभे केले. मी इथीसाच लहानाचा मोठा झालो. नंबर पाहा ना. सरकारी काम असल्याशिवाय कोणी नंबर टाकते काय?"

गुरुजी त्यांच्याकडे वळले. त्यांचा आवाज वर्गात असतो तेवढाच होता.

"भगवंता, सातवीच्या सहामाहीत तू याचं उत्तर बरोबर लिहिलं होतं. आकृतीसहित."

"तवा मार्क भेटत होते, गुरुजी."

दीपमाला मॅडमनी पिशवीतून कागद काढला आणि जीपच्या बॉनेटवर ठेवून भरायला घेतला. मध्येच त्या थांबल्या. "गुरुजी, तुमची पत्रं मी वाचली आहेत. सगळी. पण चौथा मुद्दा आहे मूळ स्थितीचा. ती आज इथे नाही. मला नाव घेता येणार नाही."

"परत कधी घेता येईल?"

"पुढची यादी तीन वर्षांनी."

"तीन वर्षांत काय राहते इथं?" भगवंतराव कुणालाही न दुखावता म्हणाले. "माझा अर्ज तं याच महिन्यात निघून राहिला."

गुरुजींनी चष्मा काढला, पुसला आणि परत घातला. नव्या भिंगातून त्यांना सगळे फार स्वच्छ दिसत होते. खांब, आकडे, मुलांचे चेहरे. दुर्गाबाई जमिनीकडे पाहत होत्या. ज्या बायकांनी पाच दिवस चुना मारला होता आणि एक दिवस पंप मारले होते, त्या पदर तोंडाला लावून उभ्या होत्या.

"भगवंतराव," मॅडम म्हणाल्या, "हे खांब ग्रामपंचायतीनं उभे केले, असं तुमचं म्हणणं आहे. ते लेखी द्याल?"

"आत्ता देतो."

भगवंतरावांनी तिथेच लिहिले, की मौजे उमरदरी येथील एकशे सोळा खांब ग्रामपंचायतीने सार्वजनिक कामासाठी बांधलेले असून ते नैसर्गिक नाहीत. खाली सही केली, तारीख टाकली. मॅडमनी कागद वाचला, घडी घातली आणि पिशवीत ठेवला. मग त्याच पिशवीतून दुसरी फाइल काढली.

"तुमच्या खाणीच्या अर्जाची जागाही आजच पाहायची आहे. हद्दीचा दगड कुठे आहे?"

भगवंतरावांनी उत्साहाने दाखवला. मॅडमच्या ड्रायव्हरने टेप धरला. हद्दीच्या दगडापासून एक नंबरच्या खांबापर्यंत अंतर नव्वद मीटर भरले. मॅडमनी ते लिहून घेतले.

"सार्वजनिक बांधकामापासून दोनशे मीटरच्या आत खाणीला परवानगी देता येत नाही," त्या म्हणाल्या. "इथे एकशे सोळा बांधकामं आहेत. अर्जदाराच्याच जबाबाप्रमाणे."

भगवंतरावांना हे समजायला थोडा वेळ लागला. गावाला त्याहून कमी लागला, पण गावाने तोंड उघडले नाही.

"मॅडम, दगड आहेत हो ते," भगवंतराव म्हणाले. "लहान पोरगंबी सांगन."

"तुमच्या सहीनं तुम्ही तसं सांगितलेलं नाही."

"थांबा, थांबा. गुरुजी, तुमी सांगा ना. तुमी तं शिकोलं आमाले. लाव्हा होता ना हा? वरतून थंडा झाला, आकसला, मंग भेगा गेल्या खालपर्यंत, सहा-सहा कोनाच्या. वावरात उन्हाळ्यात पडते तशा. साडेसहा कोटी वर्ष झाले. बरोबर आहे ना, गुरुजी?"

सगळे गुरुजींकडे पाहू लागले. काल ज्या माणसाने फळ्याच्या दोन डब्यांना नाही म्हटले होते, त्याला आज एवढ्या लोकांसमोर खरे काय ते विचारले होते. आणि तो खरे सांगणार, याविषयी कुणाला शंका नव्हती.

"बरोबर आहे," गुरुजी म्हणाले. "एकही मुद्दा सुटला नाही. पंचवीस वर्षांनी एवढं आठवणं सोपं नाही, भगवंता. मला बरं वाटलं."

"मंग सांगा ना मॅडमले."

"पण पेपर गोळा झाल्यावर लिहिलेलं उत्तर तपासता येत नाही."

दीपमाला मॅडम पिशवीत काहीतरी शोधू लागल्या. त्यांना ते बराच वेळ सापडले नाही. मान वर केली तेव्हा त्यांचा चेहरा गंभीर होता.

"सरपंचबाई, ग्रामपंचायतीचं काय म्हणणं?"

"आमचेच आहेत," दुर्गाबाई म्हणाल्या. "नंबर आमचे, चुना आमचा. थुंकू नये तेबी आमीच लिहिलं."

"पंचनाम्याला गावातल्या एका जाणत्या माणसाची सही लागेल. गुरुजी, तुम्ही करता?"

गुरुजींनी कागद हातात घेतला आणि शेवटपर्यंत वाचला. मधे एक ओळ होती, 'बांधकामाचे वर्ष', आणि तिच्यापुढे मोकळी जागा. गुरुजींनी पेन उघडले आणि तसेच धरून ठेवले. ज्या प्रश्नाचे उत्तर ते तेहेतीस वर्षे मुलांकडून घोटून घेत होते, तोच प्रश्न त्यांच्यासमोर होता, आणि जागा एका बोटाएवढी होती.

"मागचं साल टाका ना," दुर्गाबाई हळूच म्हणाल्या.

"दुर्गाबाई, ते मी लिहू शकत नाही."

"गुरुजी, सही नाई झाली तं हे सगळं..." दुर्गाबाईंनी हाताने टेकडी दाखवली.

गुरुजी म्हणाले, "मॅडम, माझे शब्द मी माझ्या हातानं लिहिले तर चालतील?"

"तुमचा जबाब आहे. तुमचेच शब्द हवेत."

गुरुजींनी छापील मजकुराखाली सावकाश, सुवाच्य अक्षरात लिहिले: 'सदर खांब येथे पूर्वापार उभे आहेत. त्यांची निगा व रंगरंगोटी उमरदरी ग्रामपंचायत करते. मी ते लहानपणापासून पाहत आलो आहे.' आणि वर्षाच्या जागी त्यांनी 'पूर्वापार' एवढेच लिहिले. मग ते सगळे परत वाचून पाहिले. त्यात खोटा शब्द एकही नव्हता. त्यांनी सही केली.

"वर्षाच्या जागी हे चालते का, मॅडम?" दुर्गाबाईंनी विचारले.

"आमच्या दप्तरात अर्धा जिल्हा पूर्वापारच आहे," मॅडम म्हणाल्या.

भगवंतराव गाडीत बसण्याआधी गुरुजींपाशी आले. त्यांना काहीतरी बोलायचे होते. ते एवढेच म्हणाले, "आकृतीसहित लिहिलं होतं मी, नाई का?"

"सहापैकी साडेपाच मार्क होते," गुरुजी म्हणाले. "अर्धा आकृतीत नावं न दिल्याबद्दल कापला होता."

जीप निघताना दीपमाला मॅडमनी काच खाली केली. "एक गोष्ट लक्षात ठेवा, गुरुजी. निगा राखलेली दिसायला हवी. तीन वर्षं. रंग उडाला, की कुणीतरी येऊन म्हणेल, हे बेवारस आहे. मग तुमचा पंचनामा कामाला येणार नाही. यादीची तारीख आधी कळवीन. तेव्हा रंग काढायचा बघू."

"कसा काढायचा?" गुरुजींनी विचारले.

मॅडमनी टेकडीकडे पाहिले. "त्याला तीन वर्षं आहेत," त्या म्हणाल्या, आणि जीप गेली.

पुढच्या चैत्रात एका सकाळी सातवीचा वर्ग कापसाच्या वावरातून टेकडीवर आला. मुलांनी भेगा पाहिल्या होत्या, वहीत काढल्या होत्या. टेकडीवर किशोरने चुन्याचे ड्रम भिजवून ठेवले होते, आणि गावाची निम्मी माणसे ब्रश घेऊन उभी होती. दुर्गाबाईंनी डिंक घालायचा नाही, असे या वेळी बजावून ठेवले होते. गुरुजींनी मुलांना खांबासमोर बसवले आणि लाव्हारस कसा आला, कसा थंडावला, भेगा कशा गेल्या ते सगळे सांगितले. घाई केली नाही. मागे बसलेल्या मुलाला कळले नाही तेव्हा परत सांगितले.

एका मुलीने हात वर केला. "गुरुजी, मंग कोणी विचारलं का हे कोणाचे आहेत, तं काय सांगाचं?"

"पेपरात विचारलं तर लाव्हारस," गुरुजी म्हणाले. "तहसीलच्या माणसानं विचारलं तर ग्रामपंचायत."

"अन् दोघंबी संगं आले तं?"

गुरुजींनी यावर थोडा विचार केला. "तर त्यांना म्हणायचं, खाली बसा. वेळ लागेल."

मुले हसली. गुरुजी हसले नाहीत. त्यांचे लक्ष एकशे बाराव्या खांबाकडे गेले होते. किशोरने तिथे वरून हात मारला होता, पण तळाशी, गवताच्या आड, वीतभर दगड तसाच राहिला होता. पावसाने तिथला जुना रंग धुऊन नेला होता आणि आतला दगड दिसत होता, काळा, गार, बारीक कणांचा, जसा असायला हवा तसा. गुरुजी गुडघ्यावर बसले. त्यांनी दगडावरची माती बोटाने झटकली आणि थोडा वेळ तळहात तिथेच ठेवला.

मग त्यांनी किशोरकडून ब्रश मागून घेतला, चुन्यात बुडवला, आणि तो कोपरा स्वतःच्या हाताने पांढरा केला.